उमेदवाराची आक्षेपार्ह जाहिरात नाकारण्याचा अधिकार वाहिनीला असावा का?

सायंतारा | १२ ऑक्टोबर २०२४

मी पेनसिल्व्हेनियात राहते. यंदा इथे अध्यक्षपदाची आणि सिनेटची अशा दोन्ही लढती चुरशीच्या असल्यामुळे संध्याकाळी दूरचित्रवाणी लावली की कार्यक्रम थोडा आणि प्रचाराच्या जाहिराती फार, अशी स्थिती असते. त्याची सवय झाली होती. परंतु मागच्या मंगळवारी पाहिलेल्या एका जाहिरातीने मी अजून अस्वस्थ आहे, म्हणून हा धागा काढते.

प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी उभ्या असलेल्या एका बाईंचा मुद्दाम काळवंडलेला चेहरा, शेजारी हातकड्या घातलेल्या सावळ्या पुरुषांची छायाचित्रे, रक्ताचे डाग पडलेला रस्ता, आणि ‘यांना हिने मोकळे सोडले’ असे बजावणारा घोगरा आवाज. अर्ध्या मिनिटाचा मामला. माझी नऊ वर्षांची मुलगी जेवताना प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहत होती. तिने मला विचारले, “आई, ही माणसे बाबांसारखी दिसतात. ती वाईट आहेत का?” मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या स्थानिक वाहिनीला दूरध्वनी केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले की राजकीय जाहिरात नाकारण्याचा किंवा त्यातील एक शब्दही बदलण्याचा अधिकार कायद्याने आम्हाला दिलेलाच नाही. साबणाची जाहिरात खोटी असेल तर वाहिनी ती नाकारू शकते, मग माणसांविषयी द्वेष पसरवणारी जाहिरात का नाकारू शकत नाही? कायदा खरोखरच असा आहे का, आणि असला तर तो योग्य आहे का, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

अबोली | १२ ऑक्टोबर

मुलीचा प्रश्न वाचून गलबलून आले. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

नीरक्षीर | १३ ऑक्टोबर

सायंतारा, मी न्यू जर्सीत वकिली करतो. माझे मुख्य काम दूरसंचाराचे नाही, तरीही या विषयाचा अभ्यास केलेला आहे, त्यामुळे जे पक्के ठाऊक आहे तेवढेच लिहितो.

वाहिनीच्या बाईंनी सांगितलेला नियम खरा आहे. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचे ३१५ वे कलम म्हणते की एखाद्या परवानाधारक केंद्राने एका उमेदवाराला वेळ दिली तर त्याच पदाच्या इतर उमेदवारांनाही तशीच संधी द्यावी लागेल, आणि उमेदवार जे बोलेल त्यावर केंद्राला काट मारता येणार नाही. हे कलम त्याआधीच्या १९२७ च्या रेडिओ कायद्यातून आलेले आहे. पुढे १९७२ मध्ये त्याच कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये, पण वेगळ्या कलमात, आणखी एक भर पडली. अध्यक्षपद, सिनेट आणि प्रतिनिधिगृह या संघीय पदांच्या उमेदवारांना वाजवी प्रमाणात वेळ विकत देणे केंद्रांवर बंधनकारक झाले, आणि जाणूनबुजून किंवा वारंवार नकार देणाऱ्या केंद्राचा परवाना रद्द करण्याची तरतूद झाली. म्हणजे संघीय उमेदवाराला दार बंद करता येत नाही आणि तो आत आल्यावर त्याच्या तोंडावर हातही ठेवता येत नाही.

मात्र हे सारे ‘उमेदवाराच्या’ जाहिरातीविषयी आहे. उमेदवाराच्या अधिकृत समितीने दिलेली आणि त्याचा स्वतःचा आवाज किंवा चेहरा असलेली जाहिरात एवढेच त्यात येते. म्हणून माझा एक प्रश्न आहे. त्या जाहिरातीच्या शेवटी एखाद्या उमेदवाराने पडद्यावर येऊन किंवा स्वतःच्या आवाजात ‘मी या संदेशाला संमती देतो’ असे म्हटले होते का?

सायंतारा | १३ ऑक्टोबर

खरे सांगायचे तर मला आठवत नाही. शेवटी बारीक अक्षरांत काहीतरी आले होते, पण तोपर्यंत मी वाहिनी बदलण्यासाठी रिमोट शोधत होते. पुन्हा लागली तर नीट पाहीन.

दर्यावर्दी | १३ ऑक्टोबर

नीरक्षीर यांच्या माहितीबद्दल आभार, पण कायदा कळल्यामुळे तो पटला असे होत नाही. ज्या वाहिनीला सार्वजनिक ध्वनिलहरी वापरण्याचा परवाना मिळतो, तिच्यावर समाजाचे काही ऋण असते. तिने घराघरांत काय सोडायचे याचा विवेक तिनेच करायला हवा. तो विवेक कायद्यानेच काढून घ्यायचा आणि वर त्याला स्वातंत्र्य म्हणायचे, हे मला मान्य नाही. रत्नागिरीतल्या आमच्या छापखान्यात एका उमेदवाराचे पत्रक वडिलांनी छापायला नकार दिला होता, कारण त्यात प्रतिस्पर्ध्याच्या पत्नीविषयी घाणेरडा मजकूर होता. त्यांना कोणी ते छापण्यास भाग पाडले असते तर त्यांनी छापखाना बंद केला असता.

आवर्तन | १४ ऑक्टोबर

मी २००८ ते २०१६ अशी आठ वर्षे ओहायोतील एका वाहिनीच्या जाहिरात नोंदणी विभागात काम केले. दर्यावर्दी यांच्या वडिलांविषयी मनापासून आदर आहे, पण आतली बाजूही सांगाविशी वाटते.

मतदानाआधीचे साठ दिवस आमच्या विभागासाठी वेगळेच असत. प्राथमिक निवडणुकीच्या आधीचे पंचेचाळीस आणि मुख्य निवडणुकीच्या आधीचे साठ दिवस उमेदवाराला वाहिनीने आपल्या सर्वांत मोठ्या व्यापारी ग्राहकाला दिलेला सर्वांत कमी दर द्यावा लागतो. त्यामुळे गाड्या विकणारे आमचे नेहमीचे ग्राहक मागे सरत आणि सगळा संध्याकाळचा वेळ प्रचाराने भरून जाई. जाहिरातीची फीत आली की आम्ही तीन गोष्टी तपासत असू. खर्च कोणी केला याचा उल्लेख आहे का, लांबी बरोबर आहे का, आणि चित्र व आवाज तांत्रिकदृष्ट्या नीट आहेत का. मजकूर खरा की खोटा हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच.

एकदा गर्भपाताला विरोध करणाऱ्या एका उमेदवाराची जाहिरात आली. त्यातील दृश्ये पाहून आमच्यातील एक मुलगी खोलीबाहेर निघून गेली. व्यवस्थापकांनी वकिलांना विचारले, वकिलांनी सांगितले की वेळही बदलता येणार नाही. आम्ही एवढेच करू शकलो की आधी एक पाटी दाखवली, ‘पुढील राजकीय जाहिरातीतील दृश्ये काही प्रेक्षकांना अस्वस्थ करू शकतात आणि कायद्यानुसार ती प्रसारित करणे आम्हाला भाग आहे’. त्या रात्री आलेले दूरध्वनी मीच घेतले. एक आजी रडत होत्या. त्यांना कायदा समजावून सांगताना मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही आमच्या मालकांच्या हाती नकाराचा अधिकार असावा असे मला तेव्हाही वाटले नाही. मालकांची राजकीय मते आम्हा सर्वांना ठाऊक होती.

नीरक्षीर | १४ ऑक्टोबर

आवर्तन यांनी लिहिलेल्या प्रसंगासारखाच वाद न्यायालयात गेला होता. १९९२ मध्ये जॉर्जियातील डॅनियल बेकर या प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराने गर्भपाताची दृश्ये असलेली अर्ध्या तासाची चित्रफीत अटलांटातील वाहिनीवर रविवारी फुटबॉल सामन्यानंतर दाखवण्याची मागणी केली. मुले पाहत असतील म्हणून वाहिनीने ती वेळ नाकारली. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, १९९४ मध्ये वाहिनीची बाजू मान्य करून अशा जाहिराती रात्री उशिरा ढकलता येतील असे सांगितले. १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मुलांचे संरक्षण हा हेतू चांगला असला, तरी वेळ बदलण्याचा अधिकार दिला की उमेदवार त्या भीतीने आपला संदेशच बदलेल, आणि तेही एक प्रकारचे नियंत्रणच झाले, असा त्यामागचा विचार होता.

दर्यावर्दी विचारतात त्या विवेकाचे काय, याचे उत्तर १९५६ च्या नॉर्थ डकोटातील घटनेत आहे. ए. सी. टाउनली नावाच्या अपक्ष उमेदवाराने समान संधीच्या हक्काने फार्गो शहरातील डब्ल्यूडीएवाय केंद्रावर भाषण केले आणि शेतकऱ्यांच्या एका संघटनेवर कम्युनिस्ट कटाचा आरोप केला. केंद्राने त्याला बदनामीची जाणीव करून दिली होती, पण शब्द कापणे कायद्याने शक्य नव्हते. संघटनेने केंद्रावरही खटला भरला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की ज्या शब्दांना केंद्र रोखू शकत नाही त्यांच्यासाठी त्याला दोषी धरता येणार नाही. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलेल्या त्या निकालातील एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बदनामीची जबाबदारी केंद्रावर टाकली, तर प्रत्येक केंद्र थोडी शंका आली तरी जाहिरात रोखेल, आणि निवडणुकीच्या धामधुमीत ती शंका खरी की खोटी हे ठरवायला वेळच उरणार नाही.

दर्यावर्दी | १४ ऑक्टोबर

मग १९७२ चे काय? जॉर्जियात जे. बी. स्टोनर नावाच्या उघड वर्णद्वेषी उमेदवाराने सिनेटच्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांविरुद्ध अत्यंत अपमानास्पद जाहिराती दिल्या होत्या. त्या थांबवण्याची मागणी कृष्णवर्णीयांच्या संघटनेने केली आणि एफसीसीने ती फेटाळली, कारण तत्काळ हिंसा उसळण्याचा स्पष्ट धोका दिसत नव्हता. ज्या कुटुंबांनी आपल्याच घरात बसून तो अपमान ऐकला, त्यांना घटनेतील तत्त्व सांगून काय समाधान मिळाले असेल? सायंतारा यांच्या मुलीचा प्रश्न आणि त्या घरांतल्या मुलांचा प्रश्न एकच आहे.

सायंतारा | १५ ऑक्टोबर

दर्यावर्दी, आपण माझ्या मनातले लिहिले. आवर्तन यांचे म्हणणेही मला समजते, आणि त्यामुळेच माझी अडचण वाढली आहे.

कृष्णाकाठ | १६ ऑक्टोबर

मी माहिती खात्यातून निवृत्त झालो. तीन निवडणुकांत जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीत काम केले. कालच महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली आहे, तेव्हा आमच्या जुन्या कार्यालयातही हीच गडबड सुरू झाली असेल. आपल्याकडची पद्धत अमेरिकेच्या बरोबर उलट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांतील नियम ७(३) प्रमाणे राजकीय स्वरूपाच्या जाहिरातींना पूर्ण मनाई होती. मार्च २००४ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो नियम बाजूला सारला. लोकसभेचे मतदान तोंडावर होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने आजची व्यवस्था आली. जाहिरात दाखवता येईल, पण आधी निवडणूक आयोगाच्या समितीकडून प्रमाणपत्र घ्यावे लागेल. दोन दिवसांत आयोगाने त्याची कार्यपद्धती काढली. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता, निर्मितीचा खर्च, किती वेळा आणि कोणत्या दराने दाखवणार याचा तपशील, आणि पैसे धनादेशाने किंवा धनाकर्षानेच देऊ असे निवेदन. समितीने सांगितलेला बदल बंधनकारक असतो.

अमेरिकेच्या मित्रांना एक गोष्ट विशेष वाटेल. त्रयस्थ व्यक्ती किंवा संस्था जाहिरात देणार असेल, तर ती कोणत्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही आणि त्यांनी तिचे पैसे दिलेले नाहीत, असे तिला शपथेवर लिहून द्यावे लागते. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमानुसार मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास दूरचित्रवाणीवर प्रचार पूर्ण बंद असतो.

आता अनुभव. आमच्याकडे आलेल्या बहुतेक जाहिराती रस्ते, पाणी आणि हात जोडलेला उमेदवार अशाच असत. पण एकदा एका जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याच्या आजारपणाची नक्कल होती. समितीतील आम्ही सर्वांनी एकमुखाने ती काढायला सांगितली आणि उमेदवाराच्या प्रतिनिधीनेही मुकाट्याने काढली. ते दृश्य जिल्ह्यातल्या एकाही घरात पोहोचले नाही. त्या दिवशी आपण काही उपयोगाचे काम केले असे वाटले होते, आजही वाटते.

भास्कर_नागपूर | १६ ऑक्टोबर

कृष्णाकाठ काकांचा अनुभव मोलाचा आहे. मी पत्रकारिता शिकवतो आणि विद्यार्थ्यांसमोर याच व्यवस्थेची दुसरी बाजू मांडतो.

आजारपणाची नक्कल काढणे सोपे असते. कठीण असते ते शब्दांचे. २०१७ मध्ये गुजरातमध्ये समितीने भाजपच्या जाहिरातीतील ‘पप्पू’ हा शब्द काढायला लावला, मग तिथे ‘युवराज’ आला. रोख कोणावर आहे हे दोन्ही शब्दांतून सारखेच कळत होते, तर समितीने नेमके काय साधले? यंदाच्या एप्रिलमध्ये शिवसेना ठाकरे गटाच्या मशालगीतातील ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द वगळण्याची नोटीस आली आणि उद्धव ठाकरे यांनी ते वगळणार नाही असे जाहीरपणे सांगितले. त्याच महिन्यात आम आदमी पक्षाच्या प्रचारगीतातही बदल सुचवले गेले. दूरदर्शन व आकाशवाणीवरील पक्षांच्या भाषणांत सीताराम येचुरी यांना काही शब्द बदलावे लागले होते, हेही ताजे आहे.

यांतील प्रत्येक निर्णय कदाचित नियमाला धरून असेल. माझा आक्षेप निर्णय कोणाच्या विरुद्ध गेला यावर नाही. ‘जय भवानी’ ही घोषणा धार्मिक आवाहन की महाराष्ट्राचा शतकांचा उद्गार, हा प्रश्न तीन-चार अधिकाऱ्यांनी बंद खोलीत का ठरवावा? मतदाराला तो ऐकू द्यावा आणि त्यानेच ठरवावे. अमेरिकेच्या ३१५ व्या कलमामागे हा विश्वास आहे, आणि सायंतारा यांच्या घरी त्याची जी किंमत मोजली गेली ती पाहूनही मला तो विश्वास सोडवत नाही.

कृष्णाकाठ | १७ ऑक्टोबर

भास्करराव, आपले म्हणणे मी नाकारत नाही. शब्दांच्या बाबतीत आमचीही समिती तासन् तास अडली आहे. एका अहिराणी म्हणीचा अर्थ शिवी होतो की चेष्टा, यावर दोन दिवस गेले आणि उमेदवाराच्या प्रचाराचे तेवढे दिवस बुडाले. परंतु निर्णयाविरुद्ध राज्य पातळीवर आणि तिथून आयोगाकडे जाण्याची सोय आहे. आणि एक प्रश्न मी आपल्याला विचारतो. त्या आजारी माणसाची नक्कल मतदाराने आधी पाहावी आणि मग ठरवावे, असे आपण म्हणाल का? बदनामी एकदा घरात शिरली की मतदानाच्या निकालाने ती बाहेर जात नाही.

मृण्मयी | १७ ऑक्टोबर

इंग्लंडमध्ये हा प्रश्न वेगळ्या जागी सुटतो, किंवा निदान तसा प्रयत्न आहे. इथे दूरचित्रवाणी आणि नभोवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करताच येत नाही. पक्षांना ठरावीक मोफत वेळ मिळते. या बंदीविरुद्ध प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली होती, आणि २०१३ मध्ये नऊ विरुद्ध आठ अशा निसटत्या बहुमताने बंदी टिकली.

पण मोफत वेळेतही काय दाखवावे हा वाद उरतोच. २००१ च्या निवडणुकीत प्रोलाइफ अलायन्स या पक्षाने वेल्समधील आपल्या प्रसारणात गर्भपाताची दृश्ये ठेवली आणि बीबीसीने अभिरुचीच्या कारणावरून ती नाकारली. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, जे तेव्हा इथले सर्वोच्च न्यायालयही होते, बीबीसीच्या बाजूने निकाल दिला. नीरक्षीर यांनी सांगितलेला अटलांटाचा खटला आणि हा खटला शेजारी ठेवून पाहा. दृश्ये जवळपास तीच, काळ जवळपास तोच, आणि दोन लोकशाही देशांतील न्यायालयांची उत्तरे परस्परविरुद्ध. मी इथे पंधरा वर्षे राहते. मला इथली पद्धत अधिक माणुसकीची वाटते, मुख्यतः पैशाच्या कारणाने. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचा आवाज संध्याकाळभर, ही स्थिती इथल्या दूरचित्रवाणीवर तरी येत नाही.

अबोली | १८ ऑक्टोबर

पण मृण्मयी, तिथे समाजमाध्यमांवर तर अशा जाहिराती चालतातच ना? मग मुलांच्या डोळ्यांपासून काय वाचले?

मृण्मयी | १८ ऑक्टोबर

चालतात, आणि तो मोठाच दोष आहे. तिथे दूरचित्रवाणीचे नियम लागू नाहीत.

आवर्तन | १९ ऑक्टोबर

पैशाचा विषय निघालाच आहे तर ३१५ व्या कलमाच्या कडाही सांगतो, कारण लोकांना वाटते की ते सगळ्यांना लागू आहे. राष्ट्रीय केबल वाहिन्यांवर ते तसे लागू नाही. म्हणूनच २०१९ मध्ये सीएनएनने ट्रम्प यांच्या प्रचार समितीची बायडन यांच्याविषयीची जाहिरात नाकारली, आणि स्थानिक केंद्रांना तेच करता आले नसते. उमेदवारही खरा असावा लागतो. २०१२ मध्ये रँडल टेरी यांनी अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी गर्भपातविरोधी जाहिरात दाखवण्याचा हट्ट धरला, तेव्हा शिकागोच्या वाहिनीने नकार दिला आणि एफसीसीने तो मान्य केला.

तिसरी कड सर्वांत मोठी आहे. उमेदवाराशी संबंध नसलेले बाहेरचे गट, ज्यांना इथे ‘पॅक’ किंवा ‘सुपर पॅक’ म्हणतात, त्यांच्या जाहिरातींना ना कमी दर मिळतो, ना प्रवेशाचा हक्क, ना ‘शब्द बदलू नका’ हे संरक्षण. वाहिनी त्या सरळ नाकारू शकते. नाकारल्या नाहीत आणि त्यात बदनामी निघाली, तर वाहिनीवर खटला होऊ शकतो. आमच्याकडे अशा जाहिरातीविरुद्ध समोरच्या उमेदवाराच्या वकिलांचे पत्र आले की व्यवस्थापक तिच्या पुराव्याचे कागद त्या गटाकडून मागवत, आणि कागद आले नाहीत तर जाहिरात खाली उतरत असे. दोनदा तसे झालेले मी पाहिले आहे. त्या जाहिरातींचा दर मात्र उमेदवाराच्या दरापेक्षा कितीतरी अधिक असतो, त्यामुळे त्या उतरवताना कोणाचाच हात चटकन पुढे होत नसे, हेही लिहायला हवे.

दर्यावर्दी | १९ ऑक्टोबर

म्हणजे वाहिनीला विवेकाचा अधिकार आहे, पण नेमका तिथे, जिथे तो वापरला तर नुकसान होते. ही माहिती माझ्यासाठी नवी आहे.

भास्कर_नागपूर | २१ ऑक्टोबर

एक जोड. यंत्राने बनवलेले आवाज आणि चेहरे आल्यापासून हा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. जुलैमध्ये एफसीसीने राजकीय जाहिरातींत असे तंत्र वापरले असेल तर तशी सूचना दाखवावी असा प्रस्ताव मांडला आहे. आपल्या निवडणूक आयोगानेही मे महिन्यात पक्षांना बजावले की अशी बनावट चित्रफीत लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत आपल्या खात्यांवरून काढावी. अमेरिकेत उमेदवाराने स्वतःच्या जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी बनावट शब्द घातले, तर स्थानिक केंद्राने ते पाहत राहायचे का? इथे माझाही विश्वास डळमळतो, हे मान्य करतो. शब्दांवर मतदार विचार करू शकतो. डोळ्यांना दिसलेले आणि कानांनी ऐकलेले खोटे आहे हे त्याला कळणार कसे?

सायंतारा | २६ ऑक्टोबर

नीरक्षीर यांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देते.

ती जाहिरात गुरुवारी संध्याकाळी पुन्हा लागली आणि या वेळी मी ती फोनवर चित्रित केली. शेवटी कोणताही उमेदवार येत नाही. एक पुरुषी आवाज एका गटाचे नाव घेऊन सांगतो की या जाहिरातीच्या मजकुराला तो गट जबाबदार आहे. म्हणजे ही उमेदवाराची जाहिरात नव्हतीच.

मग आवर्तन यांना मी निरोप पाठवला आणि त्यांनी मला वाहिनीची सार्वजनिक नोंदवही कशी पाहायची ते शिकवले. प्रत्येक दूरचित्रवाणी केंद्राला राजकीय जाहिरातींची नोंद एफसीसीच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते आणि ती दोन वर्षे कोणालाही पाहता येते. अर्धा तास शोधल्यावर मला मागणीपत्र सापडले. गटाचे नाव, त्याच्या पदाधिकाऱ्यांची नावे, ज्या बाईंविरुद्ध जाहिरात आहे त्यांचे नाव, कोणत्या कार्यक्रमात किती वेळा, आणि प्रत्येक वेळेचा दर. प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमातली वेळ ४ नोव्हेंबरपर्यंत विकली गेली आहे.

मला सर्वांत अधिक वाईट वाटले ते याचे की दूरध्वनीवर मला जे सांगितले गेले ते या जाहिरातीला लागूच नव्हते. त्या बाईंना कदाचित फरक ठाऊक नसेल. कदाचित सगळ्यांना एकच उत्तर द्यायची त्यांना सूचना असेल. पण मी ते कायद्याचे उत्तर समजून पंधरा दिवस कायद्यावर रागावले होते.

नीरक्षीर | २६ ऑक्टोबर

फार चांगले काम केले आहे. आता दूरध्वनी करू नका, केंद्राच्या महाव्यवस्थापकांना लेखी पत्र द्या. जाहिरातीची तारीख, वेळ, गटाचे नाव आणि नोंदवहीतील मागणीपत्राचा संदर्भ लिहा. ही ३१५ व्या कलमाखाली येणारी जाहिरात नसल्यामुळे ती दाखवण्याचा निर्णय केंद्राचा स्वतःचा आहे, एवढे एक वाक्य त्यात अवश्य असू द्या.

कृष्णाकाठ | २७ ऑक्टोबर

सायंतारा, दराचा कागद कोणत्याही नागरिकाला घरबसल्या दिसतो हे वाचून मी थक्क झालो. आमच्या समितीकडे हा सगळा तपशील अर्जासोबत येत असे, पण तो आमच्या कपाटात राही. जाहिरात आधी तपासणे आणि नंतर सर्वांना कागद दाखवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र करायला काय हरकत आहे, हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनात आला नव्हता. आमच्या जुन्या सहकाऱ्यांना मी हा धागा पाठवला आहे.

दर्यावर्दी | २७ ऑक्टोबर

माझे मत बदललेले नाही. उमेदवाराच्या जाहिरातीवरही काही किमान मर्यादा हवीच, असे मी अजूनही म्हणतो. परंतु आवर्तन यांच्या मालकांविषयीच्या वाक्यावर मी बराच विचार केला. माझ्या वडिलांसारखा माणूस प्रत्येक छापखान्यात असेल असे मी गृहीत धरत होतो. नकाराचा अधिकार द्यायचाच तर तो कोणाला, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

सायंतारा | २ नोव्हेंबर

पत्र मंगळवारी पोहोचले. शुक्रवारी महाव्यवस्थापकांच्या कार्यालयातून दोन ओळींचे उत्तर आले की आपला आक्षेप जाहिरात विभागाकडे तपासणीसाठी दिला आहे. काल संध्याकाळी त्या कार्यक्रमात ती जाहिरात दिसली नाही. एका दिवसावरून काही अनुमान काढणे योग्य नाही हे मला कळते.

मुलीला मी सांगितले की त्या चित्रातली माणसे कोण आहेत हे आपल्याला माहीत नाही, आणि ज्यांनी ती चित्रे दाखवली त्यांनाही बहुधा माहीत नसावे. तिने विचारले, मग त्यांनी दाखवली कशी? मी तिला नोंदवहीचे पान उघडून दाखवले आणि पैसे देणाऱ्यांची नावे वाचून दाखवली. तिने ती वहीत उतरवून घेतली.

मागणीपत्राप्रमाणे शेवटची वेळ सोमवारची आहे. सोमवारी संध्याकाळी सातला आम्ही दोघी दूरचित्रवाणीसमोर बसणार आहोत. जे दिसेल ते इथे लिहीन.